नकाशा हाच खेळ : जेनेल जॅक्वेज यांचे काम समजून घेताना

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात प्रथम प्रकाशित झाला आणि २०२४ मध्ये त्याने पन्नास वर्षे पूर्ण केली. त्याच वर्षी १० जानेवारीला जेनेल जॅक्वेज यांचे निधन झाले. जगभरातल्या खेळरचनाकारांनी त्यांच्याविषयी फार जिव्हाळ्याने लिहिले. ज्यांनी हा खेळ कधी पाहिलेला नाही त्यांना मात्र त्या लिखाणातून उलगडा होण्यापेक्षा कोडेच पडले असेल. कोणी त्यांना चित्रकार म्हणत होते, कोणी लेखिका, कोणी व्हिडिओ गेमच्या रचनाकार, तर कोणी शिक्षिका. पॅक-मॅनपासून क्वेकपर्यंतच्या व्हिडिओ गेमशी त्यांचे नाव जोडले जात होते आणि त्यांच्या आडनावावरून रचनेच्या एका पद्धतीला नावही पडले होते.

या साऱ्या भूमिका वरवर सुट्या वाटतात. मला मात्र त्यांत एकच काम दिसते. एखाद्या जागी उभ्या असलेल्या माणसाला काय दिसेल आणि तिथून पुढे त्याला कुठे-कुठे जाता येईल, हे ठरवण्याचे काम जॅक्वेज यांनी आयुष्यभर केले. कधी ते कागदावर पेन्सिलीने केले, कधी मुखपृष्ठावर रंगांनी, तर कधी संगणकाच्या पडद्यावर. हे काम समजून घ्यायचे तर आधी खेळ समजून घ्यायला हवा.

हा खेळ नेमका खेळतात कसा?

ज्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे पात्राची भूमिका घेऊन खेळायचा खेळ) म्हणतात, त्या प्रकारच्या या खेळात तीन-चार ते सहा-सात माणसे एका टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक जण खेळ चालवतो. त्याला गेम मास्टर म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक काल्पनिक पात्र घेतात : कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. गेम मास्टर प्रसंगाचे वर्णन करतो, ‘समोर दगडी जिना आहे, खालून धूर येतो आहे’, आणि खेळाडू आपले पात्र काय करील ते बोलून सांगतात. ज्या कृतीचा निकाल अनिश्चित असतो, तिच्यासाठी फासे टाकतात. त्यांत वीस बाजूंचा फासा विशेष प्रसिद्ध आहे. इथे कोणी कोणाला हरवत नाही. सगळे मिळून एक साहस पार पाडतात आणि ते अनेकदा महिनोन्महिने चालते.

आणखी दोन शब्द पुढे लागतील. पात्रे ज्या भुयारांत, पडक्या मंदिरांत किंवा तळघरांत शिरतात त्या जागेला डंजन म्हणतात. गेम मास्टरला सगळे स्वतः रचावे लागू नये म्हणून तयार साहसांच्या पुस्तिका मिळतात. त्यांत नकाशा, प्रत्येक दालनाचे वर्णन आणि तिथे राहणाऱ्यांची माहिती असते. अशा पुस्तिकेला मॉड्यूल म्हणतात.

या खेळात पट नसतो, सोंगट्याही सक्तीच्या नसतात. जागा खेळाडूंच्या मनात उभी राहते आणि तिचा एकमेव खरा आराखडा गेम मास्टरच्या हातातल्या नकाशात असतो. डावीकडे दरवाजा आहे की भिंत, हे त्या कागदावरची रेघ ठरवते. नकाशा काढणारा माणूस म्हणूनच जागेची सजावट करत नसतो. खेळाडूंना कोणते निर्णय घेता येतील आणि कोणते येणार नाहीत, हे तो ठरवत असतो. चित्र आणि नियम यांची गाठ तिथे पडते आणि जॅक्वेज यांचे सारे काम त्याच जागी उभे आहे.

महाविद्यालयातले नियतकालिक

जॅक्वेज यांचा जन्म १४ ऑक्टोबर १९५६ रोजी मिशिगनमध्ये झाला. त्याच राज्यातल्या स्प्रिंग आर्बर महाविद्यालयात त्या चित्रकला शिकत होत्या. तिथे मित्रमंडळींना जमवून त्यांनी १९७६ मध्ये ‘द डंजनीअर’ नावाचे छोटे नियतकालिक काढले. खेळ बाजारात येऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. बहुतेक गेम मास्टर आपापले डंजन स्वतःच आखत आणि दुसऱ्याने रचलेले साहस विकत घेऊन खेळावे ही कल्पनाही नवीन होती. मूळ प्रकाशक टीएसआर कंपनीची परवानगी घेऊन या विद्यार्थ्यांनी आपल्या अंकांत तयार साहसे छापली. मजकूर, नकाशे आणि चित्रे यांचा मोठा भाग जॅक्वेज यांच्याच हातचा होता.

हा योगायोग महत्त्वाचा ठरला. मोठ्या प्रकाशनसंस्थेत एक जण लिहितो, दुसरा नकाशा काढतो आणि तिसरा चित्रे करतो. इथे तिन्ही कामे एकाच हाताने केली, त्यामुळे वर्णनातला जिना नकाशात आणि नकाशातला जिना चित्रात एकसारखा उतरला. १९७८ मध्ये पदवी मिळवल्यावर त्या इलिनॉय राज्यातल्या डिकेटर गावी ‘जजेस गिल्ड’ या प्रकाशनसंस्थेत गेल्या. टीएसआरच्या परवान्यावर ही संस्था याच खेळासाठी मॉड्यूल काढत असे. १९७९ साली जॅक्वेज यांची दोन मॉड्यूल तिथून प्रसिद्ध झाली, ‘डार्क टॉवर’ आणि ‘द कॅव्हर्न्स ऑफ थ्रेसिया’. त्या वेळी त्यांचे वय बावीस-तेवीस वर्षांचे होते.

एकच वाट आणि अनेक वाटा

या दोन पुस्तिकांचे वेगळेपण समजायला आपला राजगड फार उपयोगी पडतो. गुंजवण्याहून चढणारे बरेच जण चोरदिंडीने पद्मावती माचीवर पोहोचतात. पालीच्या बाजूने रुंद पायऱ्यांची, चांगली बांधलेली वाट आहे. भुतोंड्याकडून येणारा अळू दरवाजातून संजीवनी माचीवर येतो आणि गुंजवणे दरवाजा निराळाच आहे. वर आल्यावर पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तिन्ही माच्या एकमेकींना जोडलेल्या आहेत, त्यामुळे कुठून चढायचे, आधी कुठे जायचे आणि कुठून उतरायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. बालेकिल्ल्यावर जाणारी वाट मात्र एकच, तीही खड्या कातळातली. मोकळीक हवी तिथे चार वाटा ठेवल्या, अडवणूक हवी तिथे एकच ठेवली. गड बांधणाऱ्याने हा विचार जाणूनबुजून केलेला असतो.

सुरुवातीच्या काळातली अनेक मॉड्यूल, आणि आजचीही पुष्कळशी, याच्या उलट बांधलेली असतात. पहिल्या दालनातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, मध्ये एखादा फाटा फुटलाच तर तो आंधळ्या खोलीत जाऊन संपतो. अशा नकाशात खेळाडू निर्णय घेताहेत असे वाटते, पण नकाशाने सगळे आधीच ठरवलेले असते. तिसऱ्या दालनातल्या राक्षसाशी लढायचे नसेल तर परत घरी जाण्यावाचून पर्याय उरत नाही.

हा फरक आपण पाच दालनांच्या एका छोट्या डंजनवर पाहू. प्रवेशदालन, पहारेकऱ्यांची खोली, विहिरीची खोली, मंदिर आणि खजिना ही दालने एकापुढे एक ठेवली तर त्यांना जोडायला चार जोड पुरतात आणि खजिन्यापर्यंत एकच मार्ग उरतो. आता दोन जोड वाढवू. प्रवेशदालनाची एक भिंत खचली आहे आणि तिच्या फटीतून सरपटत थेट विहिरीच्या खोलीत जाता येते. शिवाय मंदिरातल्या मूर्तीमागे एक गुप्त दार आहे, ते पहारेकऱ्यांच्या खोलीत उघडते. दालने पाचच राहिली, जोड चाराचे सहा झाले, आणि कुठलेही दालन दुसऱ्यांदा न ओलांडता खजिन्यापर्यंत जाण्याचे मार्ग एकाचे चार झाले. मंदिरातून खजिन्यात जाणारे दार मात्र आपण एकच ठेवले, बालेकिल्ल्यासारखे.

यामागचे गणित सोपे आहे. दालनांच्या संख्येपेक्षा जोड एकाने कमी असतील तर सगळी दालने जेमतेम जोडली जातात आणि कुठेही फेरा होत नाही. त्यापुढचा प्रत्येक जोड एक नवा फेरा निर्माण करतो, म्हणजे ज्या वाटेने गेलो तिने न परतता दुसरीकडून मूळ जागी येण्याची सोय करतो. आपल्या नकाशात असे दोन फेरे आहेत. नकाशा चांगला की वाईट हे केवळ या आकड्यावरून ठरत नाही, पण आकडा शून्य असेल तर खेळाडूंच्या हाती फारसे काही ठेवलेले नाही, एवढे नक्की समजावे.

खेळ सुरू झाला की या दोन जोडांचे मोल कळते. फटीतून जायचे तर लोखंडी चिलखत उतरवावे लागेल. योद्धा ते उतरवील का? पहारेकऱ्यांशी गोडीने बोलून पुढे गेले आणि नंतर मूर्तीमागचे दार सापडले, तर परतताना त्यांच्या पाठीमागून येता येईल. पहारेकऱ्यांनाही ते दार माहीत असेल, तर तेही खेळाडूंच्या पाठीमागून येऊ शकतात. हा शेवटचा मुद्दा अनेकांच्या ध्यानात येत नाही. फेरा दोन्ही बाजूंना उपयोगी पडतो आणि म्हणूनच डंजनमधले शत्रू आपापल्या खोलीत वाट पाहत बसलेली बाहुली न राहता त्या जागेचे रहिवासी होतात.

थ्रेसियाची भुयारे जवळून

‘कॅव्हर्न्स ऑफ थ्रेसिया’ ही ग्रीक पुराणकथांच्या वळणाची, अवशेषांखाली पसरलेली भुयारांची जागा आहे. जमिनीवरून आत शिरण्याच्या एकाहून अधिक वाटा आहेत. पहिल्या मजल्यावरून खाली उतरण्याचेही अनेक मार्ग आहेत : काही उघड, काही लपवलेले, तर काही मधले मजले टाळून एकदम खोलवर नेणारे. त्यामुळे एकच मॉड्यूल दोन ठिकाणी खेळले गेले तर दोन्ही मंडळींना जागा निराळ्या क्रमाने उलगडते. एकाला जो शेवट वाटतो तो दुसऱ्याला मध्येच भेटलेला असतो.

या वाटांइतकेच महत्त्व तिथे राहणाऱ्यांना आहे. वरच्या भागात थॅनॅटॉस या मृत्युदेवतेच्या उपासकांचा पंथ आहे. खाली पशुमुखी जमाती आहेत आणि त्यांच्यावर बैलमुखी मिनोटॉरची सत्ता आहे. यांचे आपसांत वैर आहे आणि त्या वैराला जुना इतिहास आहे. तो कुठेही सलग सांगितलेला नाही. भिंती, मूर्ती आणि पडझड यांच्या वर्णनांतून तो थोडा-थोडा हाती लागतो आणि खेळाडू खोल जातील तसे काळातही मागे जातात. जागेची खोली आणि इतिहासाची खोली यांना एकाच नकाशात बसवणे मला या पुस्तिकेतले सर्वांत मोठे कसब वाटते. चित्रकाराची नजर नसती तर ते जमले नसते असे माझे मत आहे. ‘डार्क टॉवर’मध्येही मित्रा आणि सेत या दोन देवतांच्या अनुयायांचा संघर्ष जमिनीखाली गाडल्या गेलेल्या वास्तूंतून उलगडतो. ‘डंजन’ मासिकाने २००४ साली आजवरच्या तीस उत्तम साहसांची निवड केली तेव्हा त्या यादीत ‘डार्क टॉवर’ होते.

या रचनेचे नेमके विश्लेषण बरेच उशिरा झाले. २०१० साली जस्टिन अलेक्झांडर या रचनाकाराने एका लेखमालेत थ्रेसियाचा नकाशा उलगडून दाखवला, त्यातली तंत्रे वेगळी काढली आणि या पद्धतीला जॅक्वेज यांच्या आडनावावरून नाव दिले. पुढे त्याने स्वतःच ते नाव बदलले आणि त्यावरून बरीच नाराजी व्यक्त झाली. नाव कोणतेही घ्या, आज नकाशे आखणारे बहुतेक जण ती तंत्रे वापरतात.

वाटा वाढल्या की गोंधळ वाढत नाही का?

ही शंका रास्त आहे. एका दालनाला सहा दारे ठेवली आणि सहाही एकसारखी असली, तर खेळाडू निवड करत नाहीत. ते डोळे मिटून बोट ठेवतात. निवडीला अर्थ येण्यासाठी दारापलीकडच्या गोष्टीचा थोडा तरी सुगावा लागायला हवा. एका बाजूने वाहत्या पाण्याचा आवाज येतो, दुसऱ्या बाजूच्या धुळीत ताजी पावले उमटली आहेत, तिसऱ्या दारावर जुनी मोहर आहे. आता सहाऐवजी तीनच दारे असली तरी खेळाडू वाद घालतील, अंदाज बांधतील, आणि तो वादच या खेळाचा गाभा आहे. लक्षात राहतील अशा खुणाही पेराव्या लागतात, म्हणजे वेगळ्या वाटेने त्याच जागी आलेल्या खेळाडूला ‘आपण इथे आलो होतो’ हे कळते आणि त्याच्या मनातला नकाशा जुळतो. फेऱ्यांनी भरलेला नकाशा खुणांशिवाय दिला तर तो चकवाच ठरेल.

आणखी एक आक्षेप गोष्टीविषयी घेतला जातो. खेळाडू हवे तसे भटकू लागले तर कथानकाचे काय, असे विचारतात. जॅक्वेज यांच्या मॉड्यूलांतून मला दिसणारे उत्तर असे की रचनाकाराने कथानक लिहू नये, परिस्थिती लिहावी. कोण कुठे राहतो, कोणाला काय हवे आहे, कोणाचे कोणाशी पटत नाही, एवढे स्पष्ट असेल तर खेळाडू कुठूनही शिरोत, काही तरी घडतेच. आणि जे घडते ते त्यांचे स्वतःचे असते. १९८१ साली केऑझियम या संस्थेने ‘रूनक्वेस्ट’ या खेळासाठी प्रसिद्ध केलेल्या ‘ग्रिफिन माउंटन’मध्ये रूडी क्राफ्ट, जॅक्वेज आणि ग्रेग स्टॅफर्ड यांनी हेच तत्त्व एका भुयाराऐवजी सबंध डोंगराळ प्रदेशाला लावले.

पडद्यावर आल्यावर काय उरले?

१९८० च्या दशकाच्या आरंभी जॅक्वेज कनेटिकट राज्यातल्या कोलेको कंपनीत गेल्या. तिथे नाण्यांवर चालणाऱ्या यंत्रांवरचे खेळ घरगुती यंत्रांवर आणण्याचे काम चालू होते. पॅक-मॅन आणि डाँकी काँग ही त्यांतली सर्वांत परिचित नावे. घरी वापरायच्या कोलेकोव्हिजन यंत्राची मर्यादा पाहिली की हे काम किती अवघड होते ते कळते. पडदा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा होता आणि रंग पंधरा. हलणारी प्रत्येक आकृती एकाच रंगाची असे आणि एका आडव्या ओळीत अशा चारच आकृती दिसू शकत. पाचवी त्या ओळीपुरती नाहीशी होई. डाँकी काँगच्या मूळ यंत्रावर चार टप्पे होते, घरगुती आवृत्तीत त्यांतला एक गाळला गेला. काय ठेवले म्हणजे खेळ तोच राहील आणि काय सोडले तरी चालेल, हा निर्णय चित्राचाही होता आणि रचनेचाही.

त्यानंतरच्या काळात त्यांनी १९८८ साली ‘सेंट्रल कास्टिंग : हीरोज ऑफ लेजंड’ हे पुस्तक काढले. त्यात फासे टाकून पात्राचा पूर्वेतिहास ठरवण्याची कोष्टके आहेत : जन्म कुठे झाला, घरचे कोण, लहानपणी काय घडले. वाटांची जी मोकळीक नकाशात होती ती इथे माणसाच्या आयुष्याला लावलेली दिसते. १९९३ ते १९९७ या काळात त्या टीएसआरमध्ये पूर्णवेळ चित्रकार होत्या. ‘ड्रॅगन माउंटन’ या संचाचे मुखपृष्ठ त्यांचे आहे.

१९९७ साली त्या टेक्सासमधल्या आयडी सॉफ्टवेअरमध्ये लेव्हल डिझायनर म्हणून गेल्या. लेव्हल म्हणजे व्हिडिओ गेममधली एक पूर्ण जागा, आणि ती रचणारा तो लेव्हल डिझायनर. ‘क्वेक २’ आणि ‘क्वेक ३ अरीना’ या खेळांवर त्यांनी काम केले. ‘क्वेक ३’ हा वेगवान चकमकींचा खेळ आहे. त्यात फासे नाहीत, संवाद नाही, विचाराला क्षणाचीही फुरसत नाही. मग थ्रेसियाच्या रचनाकाराचे तिथे काय काम, असे वाटेल. पण या खेळात आंधळ्या वाटेत सापडलेला खेळाडू मेलाच म्हणून समजा, त्यामुळे चांगल्या रिंगणात जवळजवळ प्रत्येक जागेतून दोन-तीन बाजूंना निसटता यावे लागते. वरच्या सज्जावरून खाली उडी मारता येते, उसळी देणाऱ्या तबकडीवरून परत वर जाता येते. लाल चिलखत उचलले की पंचवीस सेकंदांनी ते तिथेच पुन्हा येते, त्यामुळे जाणकार खेळाडू मनात वेळ मोजत फेऱ्या घालतात. फेरा, उंची, आणि जोखमीच्या ठिकाणी ठेवलेले बक्षीस ही सगळी सामग्री कागदावरच्या डंजनमधलीच आहे. काळ मात्र मिनिटांवरून सेकंदांवर आला.

२००२ पासून त्या एन्सेम्बल स्टुडिओज या व्हिडिओ गेम बनवणाऱ्या संस्थेत होत्या आणि ‘एज ऑफ एम्पायर्स ३’ व ‘हेलो वॉर्स’ या खेळांच्या कामात त्यांचा सहभाग होता. सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने टेक्सासमध्ये ‘गिल्डहॉल’ हे खेळनिर्मितीचे पदव्युत्तर शिक्षण देणारे केंद्र २००३ साली सुरू केले, त्याच्या उभारणीतही त्या होत्या. ज्या विद्येचा एकही अभ्यासक्रम त्यांच्या विद्यार्थिदशेत नव्हता, तिच्या शिक्षणाची चौकट घडवायला त्यांनी हातभार लावला. २०१७ साली टेबलावरच्या खेळांसाठी दिल्या जाणाऱ्या ओरिजिन्स पुरस्कारांच्या मानकऱ्यांच्या दालनात त्यांच्या नावाचा समावेश झाला.

जुन्या पुस्तकांवर वेगळे नाव का दिसते?

२०११ साली जॅक्वेज यांनी आपण ट्रान्सजेंडर स्त्री असल्याचे जाहीर केले. त्यापूर्वीच्या पुस्तकांवर त्यांचे पूर्वीचे नाव छापलेले आहे आणि काही वाचकांचा त्यामुळे गोंधळ होतो; ही एकाच व्यक्तीची कामे आहेत. पुढे अल्पवयीन मुलांची लैंगिक ओळख बदलवण्याच्या तथाकथित उपचारांवर बंदी यावी यासाठी २०१५ च्या सुमारास झालेल्या मोहिमेत त्या आघाडीवर होत्या. त्या मागणीच्या अर्जावर एक लाखाहून अधिक सह्या झाल्या आणि एप्रिल २०१५ मध्ये ओबामा प्रशासनाने अशा उपचारांच्या विरोधात भूमिका जाहीर केली. कामाच्या चर्चेत हे कशाला, असे कोणी विचारील. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वाटा मोकळ्या करणाऱ्या व्यक्तीचा हा भाग गाळून लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

यावर पोट भरते का?

मुलगा किंवा मुलगी फॅन्टसी चित्रकार व्हायचे म्हणते तेव्हा पालकांचा हा पहिला प्रश्न असतो आणि त्याला गोड उत्तर देऊ नये. जॅक्वेज ज्या संस्थांत होत्या त्यांची पुढची कथा पाहावी. जजेस गिल्डचा टीएसआरशी असलेला परवाना १९८२ मध्ये संपला आणि संस्थेची घसरण झाली. अमेरिकेतला घरगुती व्हिडिओ गेमचा बाजार १९८३ मध्ये कोसळला आणि कोलेकोने १९८५ मध्ये कोलेकोव्हिजनमधून अंग काढून घेतले. आर्थिक डबघाईला आलेली टीएसआर १९९७ साली विझार्ड्स ऑफ द कोस्ट या खेळ काढणाऱ्या कंपनीने विकत घेतली. एन्सेम्बल स्टुडिओज मायक्रोसॉफ्टने २००९ च्या आरंभी बंद केली. इतक्या पडझडीतून एखादी व्यक्ती चार दशके टिकते ती संस्थेच्या भरवशावर टिकत नाही. तिच्याजवळ एका माध्यमातून दुसऱ्यात नेता येईल असे मूळ कौशल्य असावे लागते आणि जॅक्वेज यांच्याजवळ ते होते.

तेवढे असूनही सुरक्षितता मिळेलच असे नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांना गीयां-बारे सिंड्रोम झाला. त्यात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते आणि माणसाच्या हालचाली बंद पडू शकतात. पुण्यात २०२५ च्या सुरुवातीला या आजाराचा उद्रेक झाला होता, त्यामुळे आपल्याकडे हे नाव आता ओळखीचे आहे. त्यांच्या पत्नी, प्रसिद्ध गेम प्रोग्रॅमर रिबेका हाइनमन, यांना उपचारांच्या खर्चासाठी लोकांकडे मदतीचे आवाहन करावे लागले. ज्यांनी त्यांच्या नकाशांवर रात्री जागवल्या होत्या, त्यांतल्या अनेकांनी पैसे पाठवले.

हक्कांचा प्रश्नही याला जोडूनच येतो. मोबदला घेऊन कंपनीसाठी केलेल्या कामाचे मालकी हक्क अनेकदा कंपनीकडे राहतात, त्यामुळे एखादे मॉड्यूल पन्नास वर्षे खपत राहिले तरी रचनाकाराला त्यातून पुढे काही मिळेलच असे नाही. ‘डार्क टॉवर’ आणि ‘थ्रेसिया’ यांच्या विस्तारित आवृत्त्या गुडमन गेम्स या प्रकाशनसंस्थेने नव्या नियमांसाठी अलीकडे काढल्या. चाळीस वर्षांपूर्वीच्या पुस्तिकांना आजही ग्राहक आहे याचा हा रोकडा पुरावा आहे.

मुंबई-पुण्यात गेम किंवा ॲनिमेशनच्या कंपन्यांसाठी चित्रे काढणाऱ्या तरुणांना आपल्या कायद्यातल्या काही गोष्टी माहीत असाव्यात. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. कलम १९ नुसार हक्क दुसऱ्याला देणारा करार लेखी आणि सही केलेला लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर हक्क भारतापुरता धरला जातो. कलम ५७ नुसार, हक्क विकल्यानंतरही, हे काम माझे आहे असा दावा करण्याचा अधिकार निर्मात्याकडे राहतो. नकाशा हेही चित्रच आहे आणि कायद्यातल्या ‘कलाकृती’च्या व्याख्येत नकाशाचा स्पष्ट उल्लेख आहे.